पिंपात मीठ कुणी घातलं

साजगावच्या अलीकडच्या गावात ललिताला नावानं ओळखणारी माणसं थोडी. फिनेलवाली म्हटलं की मात्र कुठलाही रिक्षावाला बरोबर बंद पडलेल्या भातगिरणीच्या दारात आणून सोडायचा. बाई उंचीनं बेताची, पण आवाज कंपनीच्या भोंग्याएवढा. रागावली की आधी नाकपुड्या फुगायच्या, मग शब्द यायचे, आणि शब्द आले की समोरचा माणूस आपण चूक केली होती की नव्हती हेच विसरून जायचा.

हा आवाज तिला कुणी बक्षीस दिलेला नव्हता. साजगावच्या एका कंपनीत ती ठेकेदाराच्या हाताखाली होती. आत पुरुष साबण आणि फिनेल बनवायचे, बाहेर उन्हात बाया त्यांची पिंपं धुवायच्या. हातमोजे मागितले तर ठेकेदार म्हणायचा, "घरी भांडी घासता तवा मोजे घालता काय?" एक दिवस त्यानं सगळ्या बायांना एकदम घरी बसवलं. कारण विचारायची सोय नव्हती. बाकीच्या रडत घरी गेल्या, ललिता गेटात मांडी घालून बसली.

"ऊठ बाई, गाडी यायचीय," ठेकेदार म्हणाला.

"उठते की. पन रिकाम्या हातानं नाय उठायची."

शेवटी कटकट मिटावी म्हणून त्यानं दोन जुनी निळी पिंपं तिच्यापुढं ढकलली. भंगारावर बाई टळली म्हणून तो हसला. त्याला काय ठाऊक, पिंपं धुता धुता बाईचा एक डोळा कायम आतल्या कामावर होता!

त्या दोन पिंपांवर बायांचा बचत गट उभा राहिला. अध्यक्ष वनिता, कारण तिला मीटिंगमध्ये गप्प बसता यायचं आणि बाकी कुणाला यायचं नाही. जागा बंद गिरणीची. ललितानं आपल्या नवऱ्याकडून, दशरथकडून, जाड सागाचं एक वल्हं करून घेतलं, होडीचं असतं तसं, आणि ते वल्हं तिच्याखेरीज कुणी उचलायचं नाही हे न सांगताच ठरून गेलं.

तिचं फिनेल बघायला बाया हातातलं काम टाकून यायच्या. पिंपभर पाण्यात ती फिनेलचं तेल ओतायची, वल्हं खाली घालायची आणि काठाकाठानं असा काही गरका द्यायची की मध्ये विहीर पडायची. ती विहीर गरगरत असतानाच वल्हं उलटं फिरवायचं. मग मोठा भोवरा फुटायचा, त्यातून लहान भोवरे, लहानातून आणखी बारीक, डोळ्याला दिसेनासे होईपर्यंत. आणि बघता बघता सगळं पिंप वरपासून तळापर्यंत दुधासारखं पांढरं. वर फेस नाही, खाली तेल नाही. वल्हं काढून घेतलं तरी पाणी आपलं आपण काम करत राहायचं.

"ललिताबाय, पिंपात गाय बांधलीय काय गं?" ठाकरवाडीची जनी म्हणायची.

ललिता पदरानं नुसतं कपाळ पुसायची. पण ते वाक्य ती घरी घेऊन जायची, आणि रात्री भाकरी थापताना तिला ते परत ऐकू यायचं.

मग घरात समीक्षा आली.

धाकट्या दिराची, किरणची, बायको. माहेर नेरळचं. तिथं नव्या इमारतींच्या खाली दुकानांची रांग झालीय, त्यातल्या एका दुकानात ती काउंटरवर बसलेली. बोलणं हळू, चालणं हळू, भाजी चिरणंसुद्धा असं की जणू भेंडीला लागेल. ललिताला पहिल्याच आठवड्यात वाटलं, ही पोरगी आपल्या घरात टिकायची नाही. पण पोरगी टिकली. नुसती टिकली नाही, सासूच्या, अंबाबाईच्या, डोळ्यांतही भरली. "धाकटीच्या हाताला घाई नाय," म्हातारी शेजारणीला सांगायची. ऐकू येईल अशा बेतानं सांगायची.

ललिता पहिल्यांदा जळली ती तिथं.

गटात घेतलं तेव्हा समीक्षाला बाटल्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं. ललितानंच बसवलं. "तुला नखाला रंग लावता येतो, लेबलं बी येतील." समीक्षा हसली आणि बसली. पण काही दिवसांतच तिनं वनितापुढं विषय काढला, "वनिताताई, फिनेल आपण करतोच. भांड्यांचं लिक्विड का करत नाय? माझ्या आईच्या गटात करतात. मी करून दाखवते."

दाखवलं. पांढरी चिकट पेस्ट पाण्यात हळूहळू विरघळवली, रंग घातला, सेंट घातला. पिंपातलं सगळं अजून पाण्यासारखंच पातळ.

"हे कोण घेनार?" ललिता म्हणाली. "रंगवलेलं पानीच हाय की."

"थांबा ना वहिनी. मीठ राहिलंय."

"मीठ? साबनात?"

"हो. मिठानंच दाट होतं. पन बेतानं. जास्त झालं की परत पानी."

समीक्षानं बादलीत मीठ विरघळवलं आणि ते पाणी धारेनं पिंपात सोडत वल्हं चालवायला लागली. ललिताचं वल्हं! न विचारता! आणि चालवणं तरी कसं, पाळणा हलवावा तसं. बायांनी वाट पाहिली. हळूहळू पिंप जड होत गेलं. वल्हं वर काढलं तर टोकावरून मधासारखी अखंड धार.

"अगं बया!" जनी ओरडली.

हेच 'अगं बया' आजवर ललिताचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत ललिता एकटीच गिरणीत गेली. एका मग्यात फिनेलसाठी भरलेलं साधं पाणी घेतलं, दुसऱ्यात समीक्षाचं लिक्विड. दोन्हींत रंगाचा एकेक थेंब टाकून बोट फिरवलं. पाण्यात थेंब फुटला, पसरला, गेला. बोट काढलं तरी पाणी फिरत राहिलं. लिक्विडमध्ये मात्र थेंबाचा धागा झाला, धाग्याचं वेटोळं झालं, आणि बोट थांबलं तिथं वेटोळंही थांबलं. कितीही जोरात फिरवा, बोटाच्या अवतीभवती हालायचं, मग्याच्या कडेला त्याची खबरसुद्धा नसायची. ललिता बराच वेळ त्या धाग्याकडे बघत उभी राहिली. तिच्या मनगटातला सगळा जोर त्या दाट गोळ्यापुढं फुकट होता.

"मालकिणीवर गेलंय मेलं," ती मग्याला म्हणाली आणि तो मोरीत ओतून आली.

किरण टेंपो चालवायचा. त्यानं बायकोच्या लिक्विडची बाटली कर्जतकडच्या एका रिसॉर्टवर दिली आणि तिथला स्टोअर सांभाळणारा निलेश स्वतः मोटारसायकलवरून गिरणीत आला. आल्या आल्या म्हणाला, "त्या नेरळच्या ताई कुठायत?"

दारात ललिता उभी होती. गटाची पहिली बाई. पिंपं मिळवणारी. तिच्या खांद्यावरून बघत तो विचारत होता, नेरळच्या ताई कुठायत!

"लेबलं चिकटवतेय," ललिता म्हणाली.

निलेशनं दोन पिंपं मागितली. येत्या शनिवारी न्यायची, चांगली निघाली तर दर महिन्याला. वनिताचा चेहरा उजळला. ललिता म्हणाली, "दोन पिंपं ना? मंग एक माझं."

"तुमी लिक्विड कधी केलंय का?" समीक्षानं विचारलं. साधंच विचारलं होतं. पण जळणाऱ्याला साधं काही ऐकू येत नाही.

"तुझ्या जल्माच्या आधीपास्नं मी पिंपं बघतेय!"

आणि ललितानं त्याच दुपारी पेस्ट पाण्यात घालून आपला तो प्रसिद्ध गरका दिला. फिनेलला देतात तसा, विहीर पडेल असा. विहीर पडली. पण त्या विहिरीतून हवा आत गेली आणि पिंपातून फेस उसळला. फेस काठावर आला, काठावरून खाली आला, ललिताच्या पायांवरून दारापर्यंत गेला. बाया हसून लोटपोट. समीक्षानं मोबाईल काढला, आणि संध्याकाळी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ललिता दिसली: गुडघाभर फेसात, हातात वल्हं, तोंडात शिवी. खाली समीक्षानं लिहिलेलं, 'आमच्या वहिनी बर्फात'.

त्या क्षणापासून दोघी जावांचं बोलणं बंद झालं. म्हणजे ललितानं बंद केलं. समीक्षानं एकदा "वहिनी, गंमत केली हो" म्हणून पाहिलं, पण ललितानं तिच्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघितलं. मग तीही हट्टाला पेटली.

घरात चूल एक आणि बोलणं बंद, म्हणजे काय होतं ते ज्यांच्या घरात झालंय त्यांनाच कळेल. ललितानं आमटी उकळायला ठेवली, मीठ घातलं आणि पाणी आणायला गेली. समीक्षा चुलीपाशी आली. मीठ घातलं का, हे विचारायचं कुणाला? तिनं घातलं. जेवताना पहिला घास घेतल्याबरोबर दशरथ पाण्याच्या तांब्यावर पडला. किरण शहाणा, तो कोरडी भाकरी खाऊ लागला. अंबाबाईनं वाटी बाजूला सारली, उठली, अर्धी आमटी काढून ठेवली, उरलेल्या अर्धीत बिनमिठाची शिजलेली डाळ आणि पाणी घातलं, परत उकळली आणि पुढ्यात आणून ठेवली. आमटी चांगली झाली.

"दोगी मिळून खारट करता," म्हातारी म्हणाली, "आन् निस्तरायचं मी."

इकडे फेसात गेलेल्या पेस्टमुळं वनिताचं डोकं फिरलेलं. एरवी गप्प बसणारी बाई त्या दिवशी बोलली. "पेस्ट काय झाडाला लागत नाय. दोगी येकेक पिंप करा. निलेश जिचं पास करील, वल्हं तिच्या हातात. दुसरीनं लेबलं चिकटवायची. मंग माझ्याकडं रडत यायचं नाय."

लेबलं! ललिताला तो शब्द थोबाडीत बसल्यासारखा लागला. ज्या जागेवर तिनं समीक्षाला बसवलं होतं, त्या जागेवर स्वतः बसायचं, आणि समीक्षानं तिच्या वल्ह्यानं, तिच्या पिंपात, तिच्या गिरणीत पाळणा हलवायचा. गेटात मांडी घालून तिनं हे सगळं मिळवलं होतं ते यासाठी?

तिनं ठरवलं, शिकायचं. पण विचारायचं नाही. समीक्षा आपल्या पिंपात पेस्ट विरघळवत होती तेव्हा ललिता दाराआड उभी राहून बघत राहिली. खांदे कसे हलतात, कोपर कितीसं वाकतं, दम कुठं घेते. चोरासारखं बघितलं आणि मनात म्हणाली, एवढंच? नुसतं हळू करायचं? पण दारातून पिंपाचा तळ दिसत नाही. समीक्षाचं वल्हं प्रत्येक फेऱ्याला तळाला टेकून खालचं वर आणत होतं, ते ललिताला दिसलंच नाही. तिला दिसला तो फक्त संथपणा.

शुक्रवारी ललितानं आपलं पिंप लावलं. पेस्ट नीट विरघळवली, फेस येऊ दिला नाही. एवढं मनगट तिच्यापाशी होतं. रंग, सेंट. मग मीठ. बादलीत विरघळवत बसायचं नेरळच्या पोरीनं; ललितानं आमटीत घालतात तसं कोरडंच घातलं, ओंजळ ओंजळ. आणि पाळणा हलवला. हळू, अगदी हळू, वरच्यावर.

मीठ सरळ तळाला गेलं. तिथं त्याच्या अंगाला लागलेलं लिक्विड दाट झालं, आणि त्या दाट लगद्यानं मिठाला जणू गोधडीत गुंडाळून ठेवलं. वर त्याचा पत्ता नाही. ललितानं वाट पाहिली. वरचं पातळच. "मुरंल रात्रीत," ती स्वतःला म्हणाली. झाकण लावलं, पदर खोचला आणि घरी गेली.

शनिवारी सकाळी ती आली तेव्हा वनिता आणि बाकीच्या आल्या होत्या. अंबाबाईसुद्धा बाटल्या पुसायला येऊन बसलेली. समीक्षाचं पिंप शेजारीच होतं, अजून पातळ, कारण ती मीठ नेहमी सकाळी घालायची. बाजूला बादलीत तिचं मिठाचं पाणी तयार होतं. ललितानं आपल्या पिंपाचं झाकण काढलं, हात घातला.

दाट! मधासारखं! बोटांवरून उतरायला तयार नाही!

"वनिता, ये गं. बघ. बोट घाल."

वनितानं बोट घातलं. "अगं, झालं की!"

"झालं की म्हंजे? होनारच हुतं!" ललिताचा भोंगा वाजायला लागला. "लोकांना वाटतं, इमारतीखाली काउंटरवर बसलं म्हंजे सगळं येतं. हात लागतो हात, हितं!" ती समीक्षाकडे बघत नव्हती, म्हणजे सबंध अंगानं तिच्याकडेच बघत होती. समीक्षाच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र होतं, हसू दाबल्यासारखं, आणि ते ललिताला झोंबलं. जळू दे, ती मनात म्हणाली. आज तू जळ. मी लई दिवस जळले.

आणि तेवढ्यावर थांबायचं तर ती ललिता कसली! तिनं वल्हं उचललं. "आता बघा." सगळा जोर लावून तिनं ते तळापर्यंत खुपसलं आणि गरका दिला.

पहिले दोन फेरे जड गेले. तिसरा हलका गेला. चौथा आणखी हलका. ललिताला वाटलं, आपल्या जोरापुढं लिक्विड नमलं. तेवढ्यात तळाशी गोधडीत निजलेलं मीठ जागं होऊन वर आलं होतं. जितकं मिसळेल तितकं पातळ होत होतं, आणि जितकं पातळ होत होतं तितकं भराभर मिसळत होतं. मध्ये विहीर पडली. विहीर! फिनेलला पडते तशी! ललितानं वल्हं थांबवलं तरी पिंपातलं सगळं गरगर फिरत राहिलं.

तिनं वल्हं वर काढलं. टोकावरून पाणी टपटपलं.

जनीनं एवढंच म्हटलं, "आरं, मगाशी तर हुतं..."

"कोन?" ललिताच्या नाकपुड्या फुगल्या. "माझ्या पिंपाला हात कुनी लावला?"

"मी," समीक्षा म्हणाली.

"बघा! बघा सगळ्या! माझं पिंप नासवलं हिनं!"

"नासवलं नाय. काल संध्याकाळी बघितलं तर पातळ होतं. मला वाटलं, मीठ घालायचं राहिलं. आज सगळ्यांसमोर तुमची फजिती नको म्हनून मिठाचं पानी घातलं, कुनी बघायच्या आत हातानंच वरच्यावर ढवळलं. नीट दाट झालं होतं ते माझ्या मिठानं!"

"मी घातलं हुतं मीठ!"

"मला काय स्वप्न पडतंय? बोलता का माझ्याशी? विचारायचं कुनाला, पिंपाला?"

अंबाबाईनं हातातली बाटली खाली ठेवली. "आमटीत केलंत तेच पिंपात केलंत. धन्य गं बायांनो."

बाया हसल्या, पण ललिताला हसणं ऐकूच आलं नाही. तिच्या कानात एकच गोष्ट घुमत होती. ते दाट, ते मधासारखं, ज्यावर ती आत्ता एवढी मिरवली, ते समीक्षाचं होतं. आणि समीक्षानं ते चुपचाप केलं होतं, तिची फजिती वाचवायला. फसवलं असतं तर बरं झालं असतं. फसवणाऱ्याला शिव्या देता येतात. हिच्या चांगुलपणाचं काय करायचं?

वनिता खाली बसली होती. ती उठली. "जाऊ दे. दुपारी निलेश यील. येक पिंप तरी नीट जाऊ दे. समीक्षा, घाल तुझं मीठ."

समीक्षानं बादली उचलली.

ललिता बघत होती. हे मीठ त्या पिंपात पडलं की संपलं. एक पिंप पास, दुसरं मोरीत. वल्हं तिकडे, लेबलं इकडे. बादली काठाला टेकली. आणि नेमकं त्याच क्षणी ललिताच्या डोळ्यांपुढं आमटीचं पातेलं आलं. अर्धी आमटी काढणारी म्हातारी. बिनमिठाची डाळ. आपलं पिंप खारट, तिचं पिंप अळणी.

सांगायचं तर तोंड उघडावं लागणार होतं. तिच्याशी बोलावं लागणार होतं, सगळ्यांसमोर. आणि मागावं लागणार होतं.

"थांब!" ललिता ओरडली. "समीक्षा, मीठ घालू नगं!"

बादली हातातच राहिली. इतक्या दिवसांत ललिताच्या तोंडून आपलं नाव ऐकून समीक्षाही दचकली. "का? आता माझ्या पन पिंपाचं पानी करायचंय?"

"तुझं अळनी हाय, माझं खारट. अर्धं अर्धं करू."

"आन् माझंबी बिघडलं तर?"

ललिताला जीभ चावावी वाटली. पण बादली अजून काठावर होती. "आदी बादलीत करून बघू," ती म्हणाली. मग दात आवळून, जवळजवळ शिवी दिल्यासारखं, "तू बघ. तुला कळतं."

समीक्षानं बादली खाली ठेवली.

रिकाम्या बादलीत एक तांब्या ललिताच्या पिंपातला, एक तांब्या समीक्षाच्या पिंपातला. दोन्ही पाण्यासारखे. ललितानं हात घातला आणि जोरात फिरवायला लागली.

"हळू!" समीक्षानं तिचं मनगट धरलं.

"सोड. आता पातळ हाय, आताच मिसळंल. दाट झालं की तुझा पाळना." हे ती बोलली खरं, पण बोलल्यावर तिला कळलं की हे आपल्याला मग्यातल्या धाग्यानं सांगितलेलं आहे. तिनं हात खालीच ठेवला, वर येऊ दिला नाही, की फेस नको. दोन-चार गरके. आणि तिच्या बोटांना ते जाणवलं. पाणी अडायला लागलं. बोटांमधून सुटेना. दोन पातळांचं, डोळ्यांदेखत, एक दाट होत होतं.

"आता मी," समीक्षा म्हणाली, आणि ललितानं हात काढून घेतला.

समीक्षानं हात वर उचलला. धार तुटली नाही.

मग दोन्ही पिंपांची अदलाबदल झाली. निम्म्या पिंपाच्या बादल्या इकडून तिकडे, तेवढ्याच तिकडून इकडे, साऱ्या बाया ओळीनं उभ्या. प्रत्येक पिंपाला आधी ललिताचा गरका, वल्हं तळाला टेकवून, फेस न आणता. आणि अडायला लागलं की वल्हं समीक्षाकडे. वल्हं देताना ललिता दर वेळी क्षणभर दांडा सोडायची नाही. समीक्षा ओढायची. मग सुटायचं.

दुपारी निलेश आला. दोन्ही पिंपांत बोट घातलं, धार बघितली, वास घेतला. "एकसारखं आहे. नेरळच्या ताईंचा हात लागलेला दिसतोच."

"दोघींचा हात आहे," समीक्षा म्हणाली.

ललिताला तेही सहन झालं नाही. आपण असतो तर म्हटलं असतं का, दोघींचा? नसतं म्हटलं. ही मोठेपणासुद्धा आधी घेऊन बसली!

"वल्ह्याचं काय करायचं आता?" टेंपो गेल्यावर वनिता म्हणाली. "दोगींची पिंपं पास झाली."

"काय करायचं म्हंजे? पैला गरका माझा," ललिता म्हणाली.

"आणि लेबलं?" समीक्षानं विचारलं.

"लेबलं वनिता चिकटवंल. लई अटी घालती."

आजही त्या गिरणीत लिक्विड तसंच होतं. एक पिंप मुद्दाम खारट करतात, एक अळणी ठेवतात, आणि मग दोन्ही एकमेकांत घालतात. खोपोलीचा एक केमिकलवाला पेस्ट घेऊन येतो, तो हसतो. म्हणतो, बाई, उगाच दोन पिंपं कशाला, एकातच बेतानं मीठ घाला की. ललिता त्याला सांगते, "तुझ्या घरी येकच सून आसंल."

पण त्या शनिवारची संध्याकाळ सांगायची राहिली. घरी ललितानं चुलीवर आमटी ठेवली होती, समीक्षा शेजारी भाकऱ्या थापत होती. सकाळी एवढं बोलणं झालेलं, पण ते गिरणीतलं होतं. घरातलं अजून सुरू व्हायचं होतं. मीठ कुणीच घातलं नाही. हिला वाटलं ती घालेल, तिला वाटलं आपण घातलं तर परत खारट. आमटीला उकळी आली, फुटली, आटायला लागली. अंबाबाई उंबऱ्यात बसून दोघींकडे आळीपाळीनं बघत होती.

शेवटी ललितानं मिठाची बरणी उचलली. चमचा भरला. थांबली. आणि बरणी समीक्षापुढं सरकवली.

"घाल," ती म्हणाली. "पन अर्धंच. बाकीचं मी घालते."

समीक्षानं अर्धं घातलं. ललितानं आमटी पळीत घेऊन चाखली, आणि मीठ बरोबर झालं होतं तरी वरून एक चिमूट आपलीही टाकली.